मागच्या बाकाखालचा फ्यूज

गुरुवार, ६ जुलै

काल काय झालं ते आधी क्रमाने लिहिते. मत नंतर.

१. संध्याकाळी पाच. रोसेंदोमामाची होडी 'कोन्सेंतीदा' (म्हणजे लाडकी) पुंता सेकाच्या धक्क्याला बांधलेली. इंजिन बंद. होडीत सात माणसं, त्यातली चार मुलं.

२. सोळा तारखेच्या कार्मेनमातेच्या मिरवणुकीसाठी मामाने आठशे वॉटचा नवा अँप्लिफायर आणलेला. तो वाजवून बघणं चाललेलं. दिव्यांच्या माळाही लावलेल्या. मुलं नाचत होती.

३. दोन्ही बॅटऱ्या त्यांच्या जागेवर, म्हणजे मागच्या बाकाखाली, नव्हत्या. मामाने सकाळीच त्या होडीच्या पुढच्या टोकाला नेल्या होत्या.

४. तिथपासून मागच्या जुन्या जोडणीपर्यंत चार मीटर तार वाढवलेली. घरात भिंतीतून नेतात ती, चार चौरस मिलिमीटरची. टोकं नुसती पिळून जोडलेली. दोन्ही तारा एकत्र गुंडाळून, वर चिकटपट्टी, तळाच्या फळ्यांखालून.

५. पाच वाजून चाळीस मिनिटांनी फळ्यांतून धूर. लगेच जाळ. लाइफ जॅकेटांचा ढीग पेटला.

६. उल्दारिकोकाकांनी फळी उपटली आणि जळती तार दोन्ही हातांनी ओढून तोडली. मुलांनी पाण्यात उड्या मारल्या. मुलं सुखरूप.

७. काकांचे दोन्ही तळहात भाजले.

८. मी मार्चमध्ये बसवलेला साठ अँपियरचा मुख्य फ्यूज मागच्या बाकाखाली होता तिथेच. शाबूत.

या आठव्या मुद्द्यावरून सगळं गाव माझ्यावर उठलंय.

आग विझल्या विझल्या मामाने तो फ्यूज उपसून काढला आणि धक्क्यावर हात उंच करून सगळ्यांना दाखवला. "बघा! होडी जळाली, माणूस भाजला, आणि हा बघा! नव्या नवरीसारखा! काय कामाचा हा?"

मी तिथेच उभी होते. आईचा सख्खा भाऊ. मला हाक मारली नाही, विचारलं नाही. गर्दीला विचारलं.

मत: फ्यूज दिव्यासाठी नसतो. अँप्लिफायरसाठीही नसतो. फ्यूज तारेसाठी असतो. म्हणून तो बॅटरीपासून वीतभराच्या आत लागतो. त्याच्या पुढची तार तो सांभाळतो, मागची नाही. टाकीपासून नळापर्यंतचा पाइप फुटला तर नळ बंद करून पाणी थांबतं का? मामाने टाकी उचलून चार मीटर लांब नेली, आणि आता नळाला शिव्या देतोय.

पिळलेला सांधा तापला. आवरण वितळलं. दोन तारा एकमेकींना टेकल्या. फ्यूजच्या अलीकडे! फ्यूजला कळणार कसं?

हे मी काल चार जणांना सांगितलं. चौघांनीही मान हलवली आणि मामाकडे गेले.

शुक्रवार, ७ जुलै

आजपासून देवळात नऊ दिवसांची प्रार्थना सुरू. आई गेली. मी नाही गेले. तिथे सगळे वळून बघणार, आणि मला माना मोजण्यात रस नाही.

आई परत आल्यावर म्हणाली, "तू बरोबर असशील गं. पण बरोबर असण्याचा एवढा आवाज कशाला?"

मी आवाज केलेलाच नाही! दोन दिवसांत चार माणसांशी बोलले आहे. बाकी सगळा आवाज तिच्या भावाचा.

उल्दारिकोकाका दवाखान्यातून घरी आले. आई म्हणते, बघून ये. तीस वर्षं ते मामाच्या होडीचं सुकाणू धरतायत, मला पोहायला त्यांनी शिकवलं. जायला हवं. पण आत्ता गेले तर गाव म्हणणार, माफी मागायला गेली. नाही जात.

शनिवार, ८ जुलै

मच्छीमार संस्थेची बैठक. पुरुष एकतीस, बायका तीन. मी धरून.

संस्थेचा अध्यक्ष आबीमाएल. माणूस वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्ट दुपारच्या जेवणाआधी मिटलेली हवी असते. त्याने सांगितलं: बंदर कार्यालयाला आगीचं कारण लेखी हवंय. वायरिंग ज्याने केलं त्याच्या सहीचं. शुक्रवारी, चौदा तारखेच्या संध्याकाळपर्यंत. नाही मिळालं तर मिरवणुकीला परवानगी नाही.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी फळ्यावर आकृती काढली. बॅटरी, तार, फ्यूज. साडेतीन मिनिटांत सगळं सांगून झालं. मग मागून कुणीतरी, "म्हणजे फ्यूज झोपला होता?" हशा!

मी म्हटलं, झोपला नव्हता, तो चुकीच्या ठिकाणी होता.

"मग बसवला कोणी तिथे?"

"बॅटरी तिथे होती तेव्हा बसवला. बॅटरी मामाने हलवली."

आणि मामा उठला. "मी हलवली? मी? अगं, माझ्या बापाने हलवली, त्याच्या बापाने हलवली असती जर त्याच्याकडे बॅटरी असती तर! माता मागच्या बाकावर बसते. होडी निघताना तिचं तोंड गावाकडे पाहिजे. आता तिच्या पायाखाली तेजाब ठेवू? कार्ताहेनाला दोन वर्षं शिकलीस तिथे हे शिकवलं का?"

टाळ्या.

हे मला माहीत नाही असं तो बोलत होता! दरवर्षी चौदा जुलैला सगळ्या होड्यांच्या बॅटऱ्या पुढे जातात. यंदा मामाने अँप्लिफायर वाजवून बघायला त्या नऊ दिवस आधीच नेल्या. प्रत्येक होडीची स्वतःची माता, प्रत्येक मातेला मागचा बाक. शिवाय मागे मूर्ती आणि चार-पाच माणसं बसली की वजन पुढे हवंच. पद्धत चुकीची नाही. मी पद्धतीला नाव ठेवलेलंच नाही. मी तारेला नाव ठेवलं. ती तार भिंतीतली आहे, होडीतली नाही.

म्हातारा प्रूदेन्सियो शांतपणे म्हणाला ते सगळ्यात वाईट होतं, कारण त्याला खरंच तसं वाटतं: "पोरी, तीस वर्षं सरळ तार होती. काही जळलं नाही. तू मार्चमध्ये फ्यूज आणलास. जुलैमध्ये आग आली."

तीस वर्षं तुमच्याकडे दोन दिवे आणि एक ट्रान्झिस्टर होता, काका. आठशे वॉट नव्हते. हे मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही, खुर्च्या सरकायला लागल्या होत्या.

ठराव: बाराही होड्यांतले माझे फ्यूज काढून टाकायचे. जोडणी पूर्वीसारखी सरळ. मिरवणूक त्या जोडणीवर! एकेका होडीत पंचवीस माणसं, मांडीवर मुलं, पायाशी पेट्रोलचे कॅन, आणि बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंत वाटेत काहीही नाही.

बाहेर पडताना आबीमाएलने माझ्या हातात टाइप केलेला कागद दिला. "इंजिनिअरबाई, वाचा आणि सही करा. दोन ओळी आहेत."

दोनच आहेत. "मी बसवलेले फ्यूज सदोष होते. ते सर्व होड्यांतून काढण्यात आले आहेत."

रविवार, ९ जुलै

सही करणार नाही.

सोमवार, १० जुलै

बोलून कळत नाही, तर दाखवावं असं ठरवलं. आबीमाएलला सांगितलं, काम सुटल्यावर वाळूत या. तो म्हणाला, येतो, बिअर आणू का? मी म्हटलं, नको. त्याने आणली.

साठेक माणसं. मुलांना दोरीच्या मागे ठेवलं. माझ्या दुकानातली एक बॅटरी, मामाच्याच तारेचा उरलेला दोन मीटरचा तुकडा, वाळूच्या दोन बादल्या, लांब काठी, माझा चष्मा.

पहिला प्रयोग: फ्यूज तारेच्या लांबच्या टोकाला. लाडकीत होता तसा. फ्यूजच्या अलीकडे दोन्ही तारा एकमेकींना टेकवल्या. बाराव्या सेकंदाला आवरण ठिबकायला लागलं. विसाव्याला तार लाल. वाळूतून वाफ निघाली. मुलं ओरडली, बायकांनी छातीवर क्रुसाची खूण केली. मी काठीने जोड उडवला. फ्यूज काढून सगळ्यांना दाखवला. शाबूत.

एक क्षण, खरंच एकच क्षण, सगळे पुढे वाकून फ्यूजकडे बघत होते. मला वाटलं, कळलं.

मग आबीमाएल दोरी ओलांडून आला, वाकला आणि त्या तारेवर सिगारेट पेटवली.

इतका हशा मी आमच्या गावात निवडणुकीतही ऐकला नव्हता.

दुसरा प्रयोग: नवी तार. तोच फ्यूज, पण बॅटरीच्या टोकापासून वीतभरावर. तारा टेकवल्या. टक्! एवढाच आवाज. धूर नाही, वास नाही. तार थंड. मी हातात धरून दाखवली.

"झालं?" कुणीतरी विचारलं.

"झालं."

"पहिला खेळ चांगला होता."

आणि उठून गेले. बिअर संपली होती, प्रार्थनेची घंटा झाली होती. जे काहीच होऊ देत नाही ते बघायला कोण थांबणार? माझं सगळं काम तेच आहे. काही न होणं. त्याला कोण टाळ्या वाजवतं!

मामा आला नव्हता. त्याची बायको आली होती. जाताना म्हणाली, "म्हणजे तुझं म्हणणं, मातेला बसवलं म्हणून आग लागली?"

मी काठी, बादल्या, बॅटरी सगळं एकटीने दुकानात नेलं.

मंगळवार, ११ जुलै

तीन होड्यांतले फ्यूज निघाले. दुकानाच्या पायरीवर प्लास्टिकच्या पिशवीत आणून ठेवलेत. वर चिठ्ठी: "इंजिनिअरबाईंचं सामान." खाली हसरं तोंड काढलंय.

तिघांकडे गेले. पहिला म्हणाला, आबीमाएलला विचार. दुसरा भात खात होता, त्याने ताटातून मान वर केली नाही. तिसरा, आमच्या वर्गातला एबेर, प्रामाणिकपणे म्हणाला, "हे बघ एनेइदा, फ्यूज असला की मिरवणुकीच्या मध्येच उडतो. गाणं बंद पडतं. शेजारच्या होडीचं चालू असतं. तुला कळतंय का, ती केवढी बेअब्रू?"

कळतंय. तू जळून मेलास की गाणं कोणाचं चालू राहील तेही कळतंय.

हे मी म्हटलं. म्हणायला नको होतं, त्याची दोन वर्षांची मुलगी दारात उभी होती.

संध्याकाळी मामा घरी. आईने नारळभात आणि तळलेला मासा केला होता, तिघं एका टेबलाशी. मध्येच मामाने आबीमाएलचा कागद माझ्या ताटाशेजारी ठेवला. दुसरी प्रत.

"सही कर. फ्यूज कारखान्यातूनच वाईट निघाला असं लोक समजतील. तुझ्यावर काही येत नाही. माझ्यावरही नाही."

"आणि अकरा होड्या सरळ तारेवर जातील."

"गेल्या वर्षीपर्यंत गेल्याच की!"

"उल्दारिकोकाकांचे हात?"

त्याने काटा खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघायचं नव्हतं. तो म्हणाला, "ते तू मला सांगू नकोस. तीस वर्षं तो माझ्या होडीत आहे. तू मला सांगू नकोस." आणि जेवण टाकून गेला.

आई म्हणाली, "बास झालं."

कुणाला म्हणाली ते विचारलं नाही. मला राग येतो तेव्हा मी हळू बोलते. आज इतकी हळू बोलत होते की मलाच ऐकू येत नव्हतं. मूर्ख माणसं! ठरवून, एकमेकांना धरून, टाळ्या वाजवत मूर्ख! माझ्या बाजूला पदार्थविज्ञान आहे, आणि ते मत देत नाही.

बुधवार, १२ जुलै

उल्दारिकोकाकांकडे गेले. आईने माशाचं सार दिलं होतं, ते निमित्त.

दोन्ही हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. अंगणात झोपाळ्यात पडलेले, त्यांची बायको बेत्साबे शेजारी वाटी घेऊन. मला बघून म्हणाले, "ये ये! बघ कसा राजा झालोय. चमच्याने भरवतात. फक्त नाकाला खाज सुटली की मंत्रिमंडळाला बोलवावं लागतं."

"आणि मंत्रिमंडळ कपडे धूत असतं," बेत्साबे म्हणाली.

डॉक्टर म्हणतात, उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटतील की नाही ते महिन्याने कळेल. त्यांनी ते हवेचा अंदाज सांगावा तसं सांगितलं. सुकाणू बोटांनी धरतात. मी मला येतं ते केलं. वहीत आकृती काढली आणि सगळं समजावून सांगितलं. पहिल्यापासून. तार, सांधा, फ्यूज, वीतभर अंतर. ठरावही सांगितला, कागदही.

त्यांनी सगळं ऐकलं. गावात पहिल्यांदाच कुणीतरी सगळं ऐकलं. दोन ठिकाणी थांबवून विचारलं. दोन्ही प्रश्न नेमके.

"म्हणजे बॅटरी जाईल तिथे फ्यूज जायला पाहिजे."

"हो."

"मग तू तो बाकाला का ठोकलास? बॅटरीलाच का नाही लावलास?"

मी म्हटलं, बॅटरीच्या टोकावर बसणारे फ्यूजही मिळतात. पण शिकवतात ते असंच. पक्क्या जागी, कोरडं, हलणार नाही असं. पुस्तकात—

"हां. पण पुस्तकाला चौदा तारीख कुठून माहीत असणार?" काका म्हणाले. "तुला होती ना?"

टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. विचारून झाल्यावर बेत्साबेकडे वळून म्हणाले, सारात मीठ कमी आहे.

बेत्साबेने कॉफी दिली. प्यायले. वाटी धुऊन घेतली. घरी आले.

आठ वर्षांची असल्यापासून लाडकीतल्या बॅटरीचा एक कान मी धरत आले आहे. एका बाजूने मामा, दुसऱ्या बाजूने मी. मागून पुढे. दरवर्षी. मार्चमध्ये फ्यूज ठोकताना त्याच बाकाखाली पोटावर पडले होते. चार स्क्रू, प्रत्येक घट्ट आहे ना ते दोनदा तपासलं. हलता कामा नये म्हणून.

बारा होड्यांत.

बाहेरचा कुणी इंजिनिअर आला असता तर त्याला माफ होतं.

गुरुवार, १३ जुलै

सकाळी सात वाजता आबीमाएलच्या हातात दिलेल्या पत्राची नक्कल. एक प्रत मामाला दिली. त्याने उभ्यानेच वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली.

"बाराही होड्यांतले मुख्य फ्यूज मी बसवले. ते सदोष नव्हते. तुमच्या कागदावर सही करणार नाही.

लाडकीतली वाढवलेली तार बारीक होती. पण ती पेटली, कारण फ्यूज बॅटरीपासून चार मीटर लांब राहिला. चौदा जुलैला बॅटऱ्या पुढे नेतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरीही मी फ्यूज होडीला ठोकले, बॅटरीला लावले नाहीत. चूक माझी आहे. बंदर कार्यालयाला हेच कारण माझ्या सहीने देत आहे.

उरलेल्या अकरा होड्यांचे फ्यूज मला बॅटरीच्या टोकावर बसवू द्यावेत. पुढे न्यायच्या तारा मी जाड, मापाच्या करून देईन. एका होडीला दोन तास लागतात. तोपर्यंत कुणीही बॅटरी हलवू नये.

हो किंवा नाही, उद्या शुक्रवारी, १४ जुलैला सकाळी दहापर्यंत कळवावे. मी दुकानात आहे.

— एनेइदा"